नव्या काळाचे घर : रचना, साहित्य आणि ऊर्जा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधायला किंवा जुने घर सुधारायला निघालेल्या माणसांशी बोलणे हे माझे रोजचे काम आहे. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा यंत्रापासून सुरू होतात : कोणते पॅनेल, कोणती बॅटरी, कोणती काच. माझी उत्तरे मात्र फिरून ऊन, सावली, वारा आणि भिंत यांपाशीच येतात, कारण तिथे चुकलेले घर पुढे कितीही महागड्या उपकरणांनी सावरता येत नाही. खालचे प्रश्न वरचेवर कानावर पडतात म्हणून एकत्र लिहून काढले आहेत.

पर्यावरणपूरक घर म्हणजे नेमके काय? छपरावर सौर पॅनेल लावले की झाले का?

घराचे दोन हिशेब असतात. राहताना दररोज किती ऊर्जा लागते हा एक. ते उभे करताना सिमेंट, पोलाद, विटा, काच तयार करण्यात आणि वाहून आणण्यात किती ऊर्जा गेली हा दुसरा. जगातल्या ऊर्जेशी निगडित कार्बन उत्सर्जनात इमारती बांधणे आणि वापरणे या दोहोंचा मिळून वाटा एक तृतीयांशाहून जास्त आहे. पॅनेल पहिल्या हिशेबाला हात लावते, तोही अर्धवट. दुपारी भट्टीसारखे तापणाऱ्या घरावर पॅनेल लावले तर ती वीज एसीच खाऊन टाकतो. आधी घराची गरज कमी करा, उरलेली गरज चांगल्या यंत्राने भागवा, आणि मग वीज कुठून आणायची ते ठरवा. हा क्रम उलटला की आधी कळस मग पाया अशी गत होते.

मग सुरुवात कुठून करावी?

जागेवर जाऊन बसण्यापासून. शक्य असेल तर एक पूर्ण दिवस. जुने घर असेल तर आणखी सोपे : सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ वाजता खोलीत ऊन कुठपर्यंत येते तिथे जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा आणि वेळ लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा करा. दोन्ही खुणांमधले अंतर पाहिले की सूर्य वर्षभरात किती सरकतो हे नकाशाशिवाय समजते, आणि कपाट, पलंग, अभ्यासाचे टेबल कुठे असावे याचेही उत्तर मिळून जाते.

सूर्याचे गणित थोडक्यात असे. विषुववृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला राहत असाल तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, दक्षिण गोलार्धात तो उत्तरेकडे. उन्हाळ्यात तो माथ्याजवळ येतो, थंडीत खाली कलतो. त्यामुळे त्या बाजूच्या खिडकीवर योग्य मापाचा छज्जा असेल तर उन्हाळ्याचे ऊन बाहेर अडते आणि थंडीचे आत येते. छज्जा एकदा बांधला की काम करत राहतो, त्याला वीजही लागत नाही आणि बटणही.

पूर्व आणि पश्चिम या दोन बाजू मात्र अवघड. तिथे सूर्य तिरपा, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि आडवा छज्जा त्याला अडवूच शकत नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, पडवी किंवा पानझडी झाड हवे. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली अशा कमी वापराच्या जागा ठेवल्या तर त्या झोपायच्या खोलीसाठी ढालीचे काम करतात.

मोठ्या काचांची घरे सुंदर दिसतात. त्यात काय वावगे आहे?

काचेत काही वावगे नाही. कोणत्या दिशेला किती काच, याचा विचार न करण्यात आहे. उन्हाची किरणे काचेतून सहज आत शिरतात, फरशीवर, भिंतीवर, सोफ्यावर पडतात आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता वेगळ्या, लांब तरंगलांबीची असते. साधी काच ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आतून जाड पडदा लावला तरी उष्णता काचेच्या आतच अडकून पडते.

सावली काचेच्या बाहेर हवी. बाहेरचे लाकडी कवाड, बांबूची चिक, सरकती जाळी, यांतले काहीही आतल्या भारी पडद्यापेक्षा सरस ठरते. दुहेरी काच आणि उष्णता परतवणारा अतिशय पातळ धातूचा लेप असलेली काच या दोन्ही उपयोगाच्या आहेत, पण विकत घेताना दोन आकडे मागा : काचेतून उष्णता किती वेगाने पार होते आणि उन्हातली किती उष्णता आत येते. थंड प्रदेशात पहिला आकडा महत्त्वाचा, उष्ण प्रदेशात दुसरा. विक्रेता नुसतेच ‘ही चांगली काच आहे’ म्हणत असेल तर थांबा.

एसीशिवाय घर थंड राहू शकते का?

पुष्कळ ठिकाणी हो, सगळीकडे नाही. दिवस तापतो पण रात्र चांगली गार होते अशा कोरड्या हवेत सर्वांत चांगली युक्ती म्हणजे जड भिंती आणि रात्रीचा वारा. मातीची किंवा दगडाची जाड भिंत दुपारची उष्णता आत पोचवायला कित्येक तास लावते. तोवर बाहेर संध्याकाळ झालेली असते. रात्री खिडक्या उघडून भिंती निववायच्या, सकाळी ऊन चढण्याआधी सगळे बंद करायचे.

झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे १९९६ साली पूर्ण झालेली ईस्टगेट ही कार्यालये आणि दुकानांची इमारत हेच मोठ्या प्रमाणावर करते. वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांनी वाळवीच्या वारुळांवरून कल्पना घेतली : रात्रीची गार हवा काँक्रीटच्या पोकळ्यांतून खेळवायची, दिवसा तोच गारवा वापरायचा आणि तापलेली हवा वरच्या धुराड्यांतून बाहेर सोडायची. इराणमधल्या यझ्द शहराचे वारामनोरे तर शेकडो वर्षांपासून वरचा वारा खाली घरात ओढून आणत आहेत.

मला सर्वांत जवळचे वाटते ते बुर्किना फासोमधल्या गांदो गावच्या शाळेचे उदाहरण, २००१ सालचे. वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी तिथे दाबून बनवलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या भिंती उभारल्या, वर त्याच ठोकळ्यांचे सच्छिद्र छत घातले आणि पत्र्याचे छप्पर त्यापासून वेगळे, सळ्यांच्या सांगाड्यावर उंच उचलले. पत्रा तापतो, पण त्याखालून वारा वाहत राहतो आणि वर्गातली गरम हवा छताच्या भोकांतून वर निघून जाते. केरे त्याच गावचे, आणि २०२२ साली त्यांना वास्तुरचनेतले मानाचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. पत्रा तापणारच हे मान्य करून तो माणसांपासून दूर नेला, एवढीच ती कल्पना. कोणत्याही पत्र्याच्या छपराला ती लागू पडते.

दमट हवेत, जिथे रात्रही उकडते, जड भिंतींचा उपयोग फार होत नाही. तिथे समोरासमोर खिडक्या, उंच छत आणि पंखा. पंखा हवेचे तापमान उतरवत नाही, पण अंगाला वारा लागला की दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते. पंख्यासोबत एसी वापरत असाल तर एसीचे तापमान तेवढेच वर ठेवता येते.

‘पॅसिव्ह हाउस’ म्हणजे काय? सगळे बंद करून घेतले तर श्वास कोंडणार नाही का?

ही मुळात थंड प्रदेशातली पद्धत. जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे १९९१ साली पहिले असे घर राहते झाले. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे बो आदामसन यांची ही कल्पना. भिंती, छप्पर, जमीन यांना जाड उष्णतारोधक आवरण, तिहेरी काचा, आणि कुठेही फट नाही. अट अशी, की घर तापवायला वर्षाकाठी दर चौरस मीटरला १५ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा लागता कामा नये.

श्वास कोंडत नाही, कारण हवा यंत्राने खेळवली जाते. बाहेर जाणारी शिळी, उबदार हवा आणि आत येणारी ताजी, गार हवा एकमेकींना न मिसळता शेजारून जातात आणि उष्णता तेवढी हस्तांतरित होते. खरे पाहता साध्या घरात दारे-खिडक्या लावून झोपल्यावर जास्त कोंडते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो, बंद शयनगृहात तो पहाटेपर्यंत सहज १००० च्या पुढे जातो. सकाळी डोके जड होते त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

घरातल्या फटी शोधायच्या असतील तर वाऱ्याच्या दिवशी पातळ दोरा चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. दोरा जिथे थरथरला तिथे रबरी पट्टी लावा.

गच्ची तापते. पांढरा रंग, उष्णतारोधक थर की गच्चीवर बाग?

बहुतेकांसाठी पांढरा रंग, आजच. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी बेरियम सल्फेटचा असा रंग बनवला की तो ९८.१ टक्के सूर्यप्रकाश परत पाठवतो. साधा परावर्तक पांढरा रंगही ८० टक्क्यांच्या पुढे जातो. धूळ साचली की गुण कमी होतो, म्हणून गच्ची अधूनमधून धुवावी. थंडी जास्त असलेल्या ठिकाणी मात्र आधी उष्णतारोधक थर.

बागेबद्दल मी थोडे सविस्तर सांगते, कारण माझ्या स्वतःच्या घरी ती चूक झाली. गच्चीवर माती टाकण्याआधी दोन दिवस पाणी भरून गळती तपासायला हवी होती. काम करणाऱ्याने गरज नाही म्हटले आणि मी घाईत ऐकले. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात तळहाताएवढा ओलसर डाग दिसला. वरची सगळी माती उपसल्यावर कळले की पाणी उतरवणाऱ्या पाइपाच्या सांध्यात केसासारखी बारीक मुळे शिरली होती. मुळे अडवणारा थरच घातलेला नव्हता. तेव्हापासून मी क्रम कागदावर लिहून देते : उतार, वॉटरप्रूफिंग, पाण्याची चाचणी, मुळे अडवणारा थर, निचऱ्याचा थर, गाळणीचे कापड आणि मग माती. माती ओली झाली की १० सेंटिमीटरच्या थराचे वजन दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो होते. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या होकाराशिवाय एक टोपलीही वर नेऊ नका.

मिलानमधल्या ‘बोस्को व्हर्तिकाले’ या २०१४ साली पूर्ण झालेल्या दोन मनोऱ्यांचे फोटो पाहून पुष्कळ जण भारावतात. त्या सज्जांवर सुमारे ८०० झाडे आहेत आणि ती छाटायला माळी दोरांना लटकून खाली उतरतात. झाडे लावणे हा एक दिवसाचा सोहळा असतो, छाटणी कायमची. ती कोण करणार हे आधी ठरवा.

मातीचे घर पावसात टिकते का?

टिकते. येमेनमधले शिबाम हे शहर कच्च्या विटांच्या उंच घरांचे आहे, बरीचशी १६व्या शतकातल्या धर्तीची, काही सात मजल्यांपर्यंत. अर्थात तिथले लोक गिलावा सतत दुरुस्त करत आले आहेत. मातीच्या भिंतीला डोक्यावर मोठी टोपी आणि पायांत चांगले बूट हवेत असे या कामातले लोक म्हणतात : रुंद पागोळ्यांचे छप्पर आणि उंच, दगडी जोते. पाणी वरून कोसळण्यापेक्षा जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडेच भिंत जास्त खातात.

आज सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे यंत्राने दाबून केलेले ठोकळे. मातीत साधारण ५ ते १० टक्के सिमेंट किंवा चुना मिसळतात, ठोकळे दाबतात आणि काही आठवडे ओले ठेवून पक्के होऊ देतात. भट्टी लागत नाही. बऱ्याचदा पाया खणताना निघालेलीच माती चालते.

ती चालेल की नाही याचा पहिला अंदाज घरीच घेता येतो. पारदर्शक, सरळ बाजूंची बाटली एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात तळाशी वाळू बसते. तिच्यावर काही तासांत रेतीहून बारीक पोयटा. सगळ्यात वर, दुसऱ्या दिवशी, चिकणमाती. तिन्ही थर पट्टीने मोजा. वाळू निम्म्याहून जास्त आणि चिकणमाती पाचव्या हिश्शाच्या आसपास असेल तर माती आशादायक. चिकणमाती फारच जास्त असेल तर भिंत वाळताना तडकेल, वाळू मिसळावी लागेल. काळी, सेंद्रिय वरची माती मात्र बागेसाठी ठेवा, ती भिंतीत घालू नये. अंतिम निर्णय प्रयोगशाळेतल्या चाचणीवर.

सिमेंट अजिबात न वापरता घर होते का? नाहीतर कमी कसे करावे?

अजिबात न वापरण्याचा हट्ट मी धरत नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे आणि त्याचे मूळ कारण भट्टीच्या इंधनापेक्षाही चुनखडीत आहे : ती सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवताना तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे भट्टी पूर्ण सौर विजेवर चालवली तरी निम्म्याहून जास्त उत्सर्जन राहतेच. त्यामुळे क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून होणारा सिमेंटचा मूळ घटक, कमी असलेले सिमेंट निवडणे हा सरळ मार्ग. राखमिश्रित आणि लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचे सिमेंट आपल्या ओळखीचे आहेच. ‘एलसी३’ या नव्या प्रकारात भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणतात. उत्सर्जन ३० ते ४० टक्के घटते.

दुसरा मार्ग कमी साहित्यात तेवढीच भिंत बांधण्याचा. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळमध्ये लोकप्रिय केलेला ‘रॅट ट्रॅप बाँड’ त्याचा उत्तम नमुना. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णताही अडवते. गवंड्याला पहिले दोन दिवस हात बसवावा लागतो. तेवढा वेळ त्याला द्या, आणि त्या दिवसांची मजुरी कापू नका.

लाकडाच्या उंच इमारती सुरक्षित असतात का? आणि झाडे तोडून कसले पर्यावरण?

नॉर्वेतली म्योस्टार्ने ही १८ मजली इमारत २०१९ साली ८५.४ मीटर उंचीपर्यंत गेली. अमेरिकेतल्या मिल्वॉकीची २५ मजली ‘असेंट’ २०२२ साली तिच्याही थोडी वर गेली. तिचे खालचे मजले काँक्रीटचे आहेत. इथे फळ्यांचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून जाड पाट तयार करतात. जाड लाकूड पेटले तर बाहेरून कोळसा होत जाते, मिनिटाला जेमतेम पाऊण मिलिमीटर, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाचे रक्षण करतो. त्या हिशेबाने जाडी आधीच वाढवून ठेवतात.

वाळलेल्या लाकडाचे निम्मे वजन कार्बनचे असते आणि लाकूड भिंतीत असेपर्यंत तो हवेत जात नाही. पण हे सगळे तेव्हाच खरे, जेव्हा तोडलेल्या जागी नवे जंगल उभे राहते. लाकूड कुठल्या जंगलातले हे प्रमाणपत्रानिशी सांगता येत नसेल तर ते पर्यावरणपूरक म्हणवून घेऊ नये. बांबू या बाबतीत भाग्यवान : तीन ते पाच वर्षांत बांधकामाजोगा पक्व होतो आणि कापल्यावर पुन्हा फुटतो. मात्र बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया न केलेला बांबू भुंगा पोखरतो. ती प्रक्रिया टाळून पैसे वाचवू नका.

थ्रीडी प्रिंटरने छापलेली घरे खरोखर स्वस्त पडतात का?

सध्या तरी नाही असेच म्हणावे लागेल. प्रिंटर भिंती छापतो. पाया, छप्पर, दारे, खिडक्या, नळ, वीज हे सगळे नेहमीसारखेच राहते आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच असतो. शिवाय नळीतून वाहावे म्हणून मिश्रणात खडी नसते, सिमेंट जास्त असते. मला आशा वाटते ती मातीने छापलेल्या घरांबद्दल. इटलीत २०२१ साली ‘टेक्ला’ नावाचे घुमटाकार घर जागेवरच्याच मातीने छापले गेले.

सौर यंत्रणा घेताना काय पाहावे?

१९५४ साली बेल प्रयोगशाळेने पहिला उपयोगी सिलिकॉन सौरघट दाखवला तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आजची चांगली पॅनेल २० ते २३ टक्क्यांवर आहेत. १ किलोवॉटसाठी साधारण ५ चौरस मीटर पॅनेल लागतात, आणि शिवाय पुसायला फिरता येईल एवढी जागा. भरपूर ऊन असेल तिथे त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते.

एक गोष्ट लोकांना उशिरा कळते म्हणून ठळकपणे सांगते. ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेली साधी यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशी तजवीज केलेली असते. वीज गेल्यावरही पंखा-दिवे हवे असतील तर बॅटरी आणि त्याला साजेसा इनव्हर्टर सुरुवातीलाच सांगावा लागतो.

पॅनेलला ऊन आवडते, उष्णता नाही. २५ अंशांच्या वर दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटते. पॅनेल छपराला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा जायला हवा. टाकीची किंवा शेजारच्या जिन्याची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी एकमेकांना जोडलेल्या पॅनेलच्या पूर्ण मालिकेचे उत्पादन पडू शकते. बसवणाऱ्याकडून वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सावलीचा नकाशा मागा. पॅनेल २५ वर्षे चालतात, इनव्हर्टर साधारण त्याच्या निम्मी वर्षे. तो बदलण्याचा खर्च हिशेबात धरलेला असावा.

नवा एसी किंवा पाणी तापवायचे यंत्र घ्यायचे आहे. उष्मापंप म्हणजे काय?

एसी हाच एक उष्मापंप आहे : उष्णता एका जागेहून उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. तोच उलटा चालवला की पाणी किंवा खोली तापते. उष्णता तयार करायची नसून फक्त वाहून न्यायची असल्यामुळे १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता हाती लागते. साध्या गिझरमध्ये १ ला १.

तारांकनासोबत आतला वायू कोणता तेही विचारा. हवेत सुटल्यास आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २००० पट तापवतो, आर-३२ त्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि प्रोपेन म्हणजे आर-२९० नगण्य. प्रोपेन ज्वलनशील असल्याने बसवणारा प्रशिक्षितच हवा.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत आधी काय करावे?

नळाला जाळीदार तोटी बसवा. दहा मिनिटांचे काम आहे. मग शॉवर : जुने शॉवर मिनिटाला १० ते १५ लिटर सोडतात, चांगले नवे ६ ते ८ लिटरमध्ये भागवतात. कमोडचे दोन बटणांचे फ्लश १९८० साली ऑस्ट्रेलियात आले आणि तिथून जगभर गेले. अर्ध्या बटणाला ३ लिटर पुरतात. कोणते बटण कशाचे हे पाहुण्यांना कळेल अशी खूण मात्र असावी.

पावसाचे गणित तोंडपाठ करण्यासारखे आहे : १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला १००० मिलिमीटर पडला तर १ लाख लिटर, आणि गळती-बाष्पीभवन वजा जाता ८० हजार तरी हाती लागतात. पहिल्या पावसाचे धूळ-पाल्याचे पाणी वेगळे सोडून देणारी झडप हवीच. नवे घर बांधत असाल तर न्हाणीघराचे आणि शौचालयाचे सांडपाणी वेगळ्या पाइपांतून न्या. आज ते वापरायचे नसले तरी चालेल. फरशी बसल्यावर पाइप वेगळे करणे म्हणजे घर पुन्हा खणणे.

स्मार्ट होम घ्यावे का?

भिंत ६० वर्षे टिकते, ॲप पाच वर्षांत बंद पडू शकते. त्यामुळे जे काही घ्याल ते भिंतीवरच्या साध्या बटणानेही चालले पाहिजे. २०२२ साली आलेल्या ‘मॅटर’ या सामायिक मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलू लागली आहेत, ते पाहून घ्या. खरा उपयोग मला वीज मोजणाऱ्या मीटरचा वाटतो. कोणते उपकरण गुपचूप वीज खाते ते आठवड्यात समोर येते.

नव्या घरात शिरल्यावर डोळे चुरचुरतात. नव्या फर्निचरचा वास चांगला नसतो का?

तो वास बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइडचा असतो. प्लाय आणि भुशाचे पाट चिकटवणाऱ्या गोंदातून तो महिनोन्महिने सुटत राहतो. २००४ साली कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने त्याला माणसांत कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात टाकले. कमी उत्सर्जनाची श्रेणी छापलेला पाट घ्या आणि कापलेल्या सगळ्या कडा बंद करून घ्या, कारण वायू कडांतूनच जास्त निघतो. कपाटाची मागची, न दिसणारी कडासुद्धा. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा रंग ओलावा शोषून सोडतात, त्यांना वास येत नाही. लहान मूल किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर रंगकाम आणि राहायला येणे यांत काही आठवडे जाऊ द्या, खिडक्या उघड्या ठेवून.

जागा लहान आहे, पैसेही मोजके. पुढे वाढवता येईल असे घर बांधता येते का?

चिलीतल्या इकिके शहरात २००४ साली वास्तुरचनाकार अलेहांद्रो अरावेना यांच्या गटाने ‘किंता मोनरोय’ वसाहतीत नेमके हेच केले. पैसे अर्ध्या घराचे होते. त्यांनी लहान पूर्ण घर बांधण्याऐवजी मोठ्या घराचा अवघड अर्धा बांधला : जिना, न्हाणीघर, स्वयंपाकघर, सामायिक भिंती. शेजारी रिकामी चौकट सोडली आणि कुटुंबांनी जमेल तसे खोल्या भरत नेल्या. तुमच्या घरातही पुढच्या मजल्याचा जिना, पायाची ताकद आणि पाइपांची जागा आज करून ठेवा.

म्हातारपणाचाही विचार याच वेळी व्हावा. दरवाजा ९० सेंटिमीटरचा, न्हाणीघराला उंबरा नाही, तळमजल्यावर एक झोपण्याजोगी खोली, दाराशी चढायचा उतार १२ ला १, म्हणजे १२ फूट लांबीत १ फूट चढ. पुढे आधाराची दांडी लावता यावी म्हणून कमोडशेजारची भिंत भरीव ठेवा.

जुने घर पाडून नवे पर्यावरणपूरक घर बांधावे, की जुनेच सुधारावे?

सांगाडा धड असेल तर सुधारा. या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. जुन्या भिंती-स्लॅबांत गेलेली ऊर्जा आणि झालेले उत्सर्जन खर्च होऊन गेले आहे. पाडले की ते वाया जाते, वर राडारोडा होतो आणि नव्या बांधकामाचे उत्सर्जन लगेच, पहिल्याच वर्षी होते. नवे घर कितीही काटकसरी असले तरी ते भरून निघायला बऱ्याचदा दशके लागतात.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात १९६०च्या दशकातल्या तीन मोठ्या इमारती होत्या, ५३० घरांच्या. वास्तुरचनाकार ॲन लाकाटन आणि जाँ-फिलिप व्हासाल यांनी सहकाऱ्यांसह त्या न पाडता बाहेरच्या बाजूला प्रत्येक घराला एक नवी, खोल, काचेची पडवी जोडली. जुन्या भिंतीतली लहान खिडकी काढली, तिथे सरकते दार आले आणि अंधारी बैठक उजेडात उघडली. पडवी थंडीत ऊब धरते आणि उन्हाळ्यात तिच्या काचा सरकवल्या की सावलीचा सज्जा होतो. काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहत होते, कुणालाही शेजार सोडावा लागला नाही. २०२१ साली या दोघांना प्रित्झकर मिळाले.

पाया खचला असेल, पोलाद गंजून काँक्रीट फुटत असेल, तर मात्र भावनेपोटी अडून बसू नका. स्ट्रक्चरल तपासणी करून घ्या. पाडावेच लागले तर हातोड्याआधी दारे, चौकटी, कौले, तावदाने, जुनी फरशी सुटी करून घ्या.

भाड्याच्या किंवा सोसायटीतल्या घरात यातले काय करता येईल?

बाहेरून चिक, नळाच्या तोट्या, फटींना रबरी पट्ट्या, एलईडी, चांगला पंखा. आणि सोसायटीच्या सभेत गच्ची पांढरी करण्याचा ठराव. वरच्या मजल्यावरच्यांना घेऊन जा, ते तुमच्या बाजूने बोलतील.

घर ताब्यात घेताना काय मागून घ्यावे?

गिलावा होण्याआधीचे प्रत्येक भिंतीचे फोटो. वायरिंगच्या नळ्या, पाण्याचे पाइप, सांधे, तुळयांच्या जागा सगळे तेव्हाच दिसते, नंतर कायमचे झाकले जाते. फोटो काढताना भिंतीला मोजपट्टी टेकवलेली असावी, शून्य कोपऱ्याला लागलेला, म्हणजे पुढे खिळा मारताना किंवा गळती शोधताना कोपऱ्यापासून किती अंतरावर पाइप आहे ते सरळ वाचता येते. खोलीचे नाव आणि भिंतीची दिशा खडूने भिंतीवरच लिहून घ्या, तीही फोटोत येऊ द्या. एक प्रत फोनमध्ये, आणि एक छापून वीजमीटरच्या पेटीच्या दाराला आतून लावून ठेवा.